विकिपीडियावरील सशुल्क लेखन : नियम व सावधगिरी

इंग्रजी विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक लेख बदनामीकारक असल्याची तक्रार करणारी, आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फेटाळली. तो लेख आपणही संपादित करू शकता, असे न्यायालयाने सुचविले. मग पैसे देऊन जाणकाराकडून लेख दुरुस्त करून घ्यावा, असा विचार आपल्या व्यवसायबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून यासंबंधीचे नियम येथे मांडीत आहोत.

विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींत दुरुस्ती केली. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने पैसे कोण देतो व काम कोणासाठी चालले आहे, हे उघड केलेच पाहिजे. फार्मसीतील पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून मालकाच्या उत्पादनाविषयी लिहिले, तरी तेही सशुल्क संपादनच होय. इंग्रजी विकिपीडियाची अपेक्षा याहून अधिक आहे : अशा व्यक्तीने लेखात थेट हात न घालता चर्चापानावर बदल सुचवावा व निर्णय इतर संपादकांवर सोपवावा. स्वतःच्या औषधाविषयी लिहिणारा वैद्य मोबदला न घेताही हितसंबंधी ठरतो. रज-तमापासून मुक्त असणे हे आप्ताचे लक्षण चरकसंहितेत वाचलेल्या आपणांस ही अट परकी वाटू नये.

खरा धोका मध्यस्थांचा आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण उघडकीस आले. नाकारले गेलेले मसुदे हेरून ही मंडळी संबंधित लहान व्यावसायिकांना गाठीत, लेख प्रसिद्ध करण्याचे पैसे घेत आणि पुढे तो लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी काहींकडून दरमहा रक्कम मागत. अखेर ३८१ खाती रोखण्यात आली व २१० लेख काढून टाकण्यात आले. पैसे देणाऱ्यांच्या हाती काय उरले असेल, ते सांगावयास नको.

संबंध उघड केला म्हणजे मजकूर टिकेल, असेही नाही. रोगनिवारणाच्या विधानास स्वतंत्र आधार लागतो. त्यातही एकेका प्रयोगापेक्षा अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारे लेखन ग्राह्य धरतात. फार्मसीची माहितीपुस्तिका वा आपल्या चिकित्सालयातील रुग्णानुभव तेथे चालत नाहीत. लेखात कल्पाचे घटकद्रव्य वा ग्रंथाधार चुकीचा आढळल्यास आपला संबंध प्रथम नमूद करून, ग्रंथाची आवृत्ती व पृष्ठांक देऊन चर्चापानावर तेवढीच दुरुस्ती मागावी. त्यासाठी कोणासही शुल्क द्यावे लागत नाही.