ग्राफीन ऑक्साइडमधील दोषांचा अभ्यास आणि रामन वर्णपटाचे वाचन

बीजसंज्ञा : ग्राफीन ऑक्साइड, रामन वर्णपट, डी-पट्ट, जी-पट्ट, क्षपण, अधिशोषण

प्रस्तावना

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग व रंगमध्यस्थ रसायनांचे अनेक कारखाने आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील एक रस्ता गुलाबी झालेला दिसला आणि रंगरसायनांच्या प्रदूषणाचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. सांडपाण्यातील रंगद्रव्ये वेगळी काढण्यासाठी ज्या पदार्थांचा विचार होतो, त्यांत ग्राफीन ऑक्साइड हा एक होय. याच परिसरात, कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रात, कार्बनच्या नॅनोपदार्थांवर संशोधन झाले आहे. ग्राफीन ऑक्साइडची उपयुक्तता त्यातील दोषांवर अवलंबून असते. हे दोष रामन वर्णपटावरून कसे ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोषांचे स्वरूप

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंची एका अणूइतक्या जाडीची षट्कोनी जाळी. गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ती वेगळी करून दाखविली. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफाइटचे ऑक्साइड मात्र त्याहून बरेच जुने आहे. ब्रॉडी यांनी ते १८५९ मध्ये तयार केले, तर पोटॅशियम परमँगनेट वापरणारी हमर्स यांची सुप्रसिद्ध पद्धत १९५८ मधील आहे.

ऑक्सिडीकरणामुळे जाळीत दोन प्रकारचे दोष निर्माण होतात. काही कार्बन अणूंना ऑक्सिजनयुक्त गट जोडले जातात व तेथील सपाट रचना मोडते. काही ठिकाणी कार्बन अणूच निघून जातो व छिद्र पडते. क्षपणाने पहिला दोष बऱ्याच अंशी दूर होतो, दुसरा सहसा भरून निघत नाही.

वर्णपटातील पट्ट

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामानुसार, पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश बदललेल्या तरंगलांबीने विखुरला जातो. हा बदल अणूंच्या कंपनांची ओळख देतो. ग्राफाइटमध्ये सुमारे १५८० सेंमी⁻¹ येथे जी-पट्ट आढळतो. तो कार्बन-कार्बन बंधांच्या ताणण्याचा निदर्शक आहे. सुमारे १३५० सेंमी⁻¹ येथील डी-पट्ट हा षट्कोनी वलयांच्या आकुंचन-प्रसरणाचा. निर्दोष जाळीत सममितीमुळे तो दिसत नाही; दोष असला तरच तो प्रकट होतो. ग्राफीन ऑक्साइडमध्ये दोन्ही पट्ट रुंद असतात व जी-पट्ट १५९० ते १६०० सेंमी⁻¹ पर्यंत सरकलेला आढळतो.

गुणोत्तराचा अर्थ

ट्युइन्स्ट्रा व केनिग यांनी १९७० मध्ये दाखविले की, डी व जी पट्टांच्या तीव्रतांचे गुणोत्तर स्फटिकखंडाच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. हे गुणोत्तर लेसरच्या तरंगलांबीवरही अवलंबून असते. प्रचलित सूत्रानुसार गुणोत्तर १ असल्यास ५३२ नॅनोमीटर लेसरसाठी खंडाचा आकार सुमारे १९ नॅनोमीटर येतो, तर ६३३ नॅनोमीटर लेसरसाठी सुमारे ३८. म्हणून लेसरचा उल्लेख नसलेल्या गुणोत्तरांची तुलना निरर्थक ठरते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. फेरारी व रॉबर्टसन यांनी २००० मध्ये स्पष्ट केले की, खंड सुमारे २ नॅनोमीटरहून लहान झाले की हा संबंध उलटतो. डी-पट्टासाठी दोष हवा, तसेच अखंड षट्कोनही हवेत. षट्कोनच मोडले की डी-पट्टही क्षीण होतो. त्यामुळे एकच गुणोत्तर कमी दोषांच्या व अतिदोषयुक्त अशा दोन्ही नमुन्यांत येऊ शकते. क्षपणानंतर गुणोत्तर वाढलेले पाहून ‘दोष वाढले’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक नवे, लहान षट्कोनी खंड तयार झाल्यानेही ते वाढते. अशा वेळी पट्टांची रुंदी पाहावी. रुंदी घटली असल्यास रचना सुधारल्याचा संभव अधिक.

प्रयोगातील दक्षता

लेसरच्या उष्णतेनेच ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण होऊ शकते. म्हणून शक्ती कमी ठेवावी. एकाच बिंदूवर विसंबू नये, नमुन्याच्या अनेक ठिकाणी मापन करावे. ऑक्सिजनचे प्रमाण डी-पट्टावरून थेट कळत नाही. त्यासाठी अवरक्त वर्णपट व क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट यांची जोड घ्यावी.

निष्कर्ष

पाण्यात ग्राफीन ऑक्साइडवरील ऑक्सिजनयुक्त गट ऋणप्रभारित होतात व मेथिलीन ब्लूसारख्या धनप्रभारी रंगद्रव्याला धरून ठेवतात. म्हणजे विद्युतवहनात बाधक ठरणारा दोष अधिशोषणात उपकारक ठरतो. ऋणप्रभारी रंगद्रव्यांबाबत हेच गट प्रतिकूल ठरतात. सबब, डी व जी पट्टांचे गुणोत्तर हा गुणवत्तेचा स्वयंपूर्ण निकष मानता येत नाही. लेसर, पट्टांची रुंदी, ऑक्सिजनचे प्रमाण आणि अपेक्षित उपयोग यांच्या संदर्भातच त्याचा अर्थ लावणे उचित होय.