वांग्याच्या फुलावरचा भुंगा आणि नीलवंत

नीलवंत हे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवरची ती निळाई दिसली की सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळतात. शेजारी वांग्याच्या फुलावर घोंघावणाऱ्या काळ्या भुंग्याकडे मात्र कुणी बघत नाही. मला कौतुक त्याचंच जास्त!

वांग्याचे पराग पुंकेसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतूनच बाहेर येतात. भुंग्याची मादी फुलाला घट्ट बिलगते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पिवळी पूड तिच्या पोटावर सांडते. नीलवंताला हे जमत नाही. त्याची लांब सोंड मकरंद शोषायची.

पिल्लांच्या बाबतीतही तेच. नीलवंताची मादी लिंबाच्या पानावर अंडं घालते नि निघून जाते. भुंग्याची मादी वाळलेलं लाकूड किंवा बांबू पोखरते, आत पराग-मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं, मग भुशाची भिंत आणि पुढची खोली.

नर भुंग्याला नांगी नसते, मादीही डिवचल्याशिवाय डंख मारत नाही. तेव्हा परसातला वाळका बांबू राहू द्या आणि लिंबावरच्या अळ्यांवर फवारणी करू नका.