‘रबराक मासो लागणा नाय’

नेरूरपारच्या पुलाखाली असो, तळाशीलच्या टोकाला असो किंवा आचऱ्याच्या खाडीत, रॉड घेऊन उभ्या असलेल्या पोराला मागून कुणीतरी हे ऐकवतंच: “रबराक मासो लागणा नाय रे, सुंगटा लाव.” सुंगटं म्हणजे कोळंबी. सांगणारा माणूस बहुधा लहानपणापासून गरवत आलेला असतो. भरती-सुकती, उधाण-भांग त्याला कॅलेंडर न बघता कळतं. त्याच्या शब्दाला वजन असतं आणि ते असायलाच हवं. पण या एका बाबतीत तो चुकतो, आणि त्याचं ऐकून पोरगंही चुकतं. दोन संध्याकाळी कोरड्या गेल्या की रबरी माशांचं, म्हणजे माशाच्या आकाराच्या मऊ आमिषांचं, पाकीट पिशवीच्या तळाशी जातं, आणि पुढच्या मोसमात तेच पोरगं दुसऱ्या कुणाला तरी हेच वाक्य ऐकवू लागतं.

खजुरा काय खातो आणि कसा खातो, एवढं पाहिलं तरी या समजुतीत दम नाही हे कळतं. खजुरा, म्हणजे रायगडातला जिताडा आणि गोव्यातला चणक, हा दबा धरून बसणारा शिकारी. कांदळवनाच्या मुळांशी, पुलाच्या खांबामागे, खडपाच्या आडोशाला तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. समोरून काही गेलं की जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. चाखून बघायला त्याला सवड नसते. जवळून जाणाऱ्या जिवाने पाणी कसं हलवलं, हे त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने कळतं. खजुऱ्यात ही रेषा थेट शेपटीच्या परावर गेलेली असते. डोळाही अंधुक उजेडासाठीच घडलेला, म्हणून तर रात्री टॉर्च पडला की तो लाल चमकतो. संध्याकाळच्या गढूळ पाण्यात या माशाला हवं काय, तर बेताच्या आकाराचं, त्याच्या तोंडासमोरून, माशासारखं पाणी हलवत जाणारं काहीतरी. रबरी माशाची पसरट शेपटी नेमकं तेच करते.

“पण जितं नसेल तर तो तोंड लावत नाही,” असं यावर उत्तर येतं. मग पिंजऱ्यातला खजुरा काय खातो? चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली या माशाचं बीज हॅचरीत तयार केलं. तिथून पुढे देशात पिंजऱ्यात आणि तळ्यात वाढवलेला खजुरा कारखान्यातल्या कोरड्या गोळीखाद्यावरही पोसला जातो. ती सवय त्याला लहानपणी लावावी लागते, हे खरं. पण ती लागते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर याच माशाला बॅरामुंडी म्हणतात, आणि कृत्रिम आमिषावर तो पकडायला तिथे लांबलांबून माणसं जातात. तिथला मासा रबराला लागतो आणि आपल्या कर्लीच्या खाडीतला लागत नाही, याला काही कारण असायला हवं. ते कारण माशात नाही. ते आपल्या हातात आहे.

जितं सुंगट गळाला लावलं की ते स्वतःच हलतं, स्वतःच वास सोडतं. गरवणाऱ्याने नुसतं थांबायचं. रबरी मासा मात्र निर्जीव. तो जेवढा आपण हलवू तेवढाच हलणार, आणि तोही सरळ ओवलेला असेल तरच. सुंगट थोडं वाकडं लागलं तरी फरक पडत नाही. रबर वाकडं लागलं तर खेळ संपला. खाडीवर बघावं तर दहातल्या आठ जणांचं रबर वाकडं असतं, आणि दोष मात्र सगळा रबराला.

म्हणून हे नीट सांगतो. जिगहेड म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. तो आधी रबरी माशाच्या कुशीला आडवा धरायचा, नाकाला शिसं टेकवून, आणि गळाचा बाक जिथे येतो तिथे पाठीवर नखाने खूण करायची. मग टोक नाकाच्या बरोबर मध्यातून आत घालायचं, अंगाच्या मधोमध सरळ पुढे न्यायचं आणि खुणेवर पाठीतून बाहेर काढायचं. साच्यातून काढलेल्या रबराच्या पाठीवर बहुतेक वेळा एक बारीक शिवण दिसते. टोक त्या शिवणीवरच यायला हवं. दोन मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे गेलं तरी मासा पाण्यात गिरमिटासारखा फिरतो, शेपटी हलायची थांबते आणि तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, पीळ बसतो तो वेगळाच. खूण मागे पडली तर रबर गळावर गोळा होतं, पुढे पडली तर ताणलं जातं; दोन्हीकडून चाल बिघडते. आणि ओवल्याबरोबर लांब फेकायचं नाही. पायाशी, जिथे दिसतंय तिथे, हातभर ओढून बघायचं. अंग स्थिर आणि शेपटी एका लयीत हलती, असं दिसलं तरच फेकायचं. नाही तर काढून पुन्हा ओवायचं. नाक फाटून रबर खाली घसरत असेल तर शिशाच्या मानेवर फेविक्विकचा एक थेंब पुरतो.

मुळांच्या जाळीत उघडं टोक टाकलं तर ते अडकणारच. तिथे टेक्सास पद्धत वापरतात. शिशाची गोळी तंगुसावर मोकळी सरकती ठेवायची, मागे बाक दिलेला गळ, आणि त्याचं टोक रबराच्या पाठीत जेमतेम कातडीखाली लपवायचं. टोक खोल रुतवलं तर मासा लागल्यावर ते बाहेरच येत नाही. मासा आला, ओढला आणि सुटला, अशी तक्रार इथूनच सुरू होते.

ओवणं जमलं की वजन. बहुतेकांकडे रबराचे वीस प्रकार आणि जिगहेड एकाच वजनाचं. हे उलट असायला हवं. पाणी उथळ आणि मंद असेल तर ५-७ ग्रॅम पुरतं; कर्ली समुद्राला मिळते त्या देवबागच्या टोकाला सुकतीची ओढ लागली की २० ग्रॅमही कमी पडू शकतं. कसोटी एकच: फेकल्यावर तळाला टेकल्याचा ‘टक्’ हाताला कळला पाहिजे. कळलाच नाही तर वजन कमी आहे. दगडासारखं धपकन बसत असेल तर जास्त आहे. रबर तळाकडे हळूहळू उतरत असतानाच खजुरा पुष्कळदा ते घेतो, आणि त्या क्षणी तंगूस ढिला सोडून इकडेतिकडे बघणाऱ्याला काहीच कळत नाही. एकदा तळ कळला की दोन फिरक्या, थांबा, पुन्हा खाली. भराभर गुंडाळणाऱ्यांना खाडीत हात हलवत परत जावं लागतं ते याच घाईमुळे.

आता पाकिटावर छापलेल्या ‘बास’ या शब्दाने होणारा घोटाळा. ही बरीचशी रबरं ज्या बाससाठी बनलेली असतात तो अमेरिकेच्या गोड्या तळ्यांतला मासा. खजुऱ्यालाही इंग्रजीत सीबास म्हणतात, पण दोघांचा नात्याने संबंध दूरचा. रबरी गांडूळ पहिल्यांदा बनवलं ते ओहायोतल्या अॅक्रन गावच्या निक क्रीमने, १९४९ मध्ये, त्याच तळ्यातल्या बाससाठी. रबर आपल्याकडे चालतं, पण त्या बाससाठीचे बारीक तारेचे गळ चालत नाहीत. मोठा खजुरा किंवा तांबोशी मासळी मुळांकडे वळली की तो गळ सरळ होतो. जाड तारेचा गळ घ्या. आणि ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधू नका; खजुऱ्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार सुरीसारखी असते, त्यामुळे पुढे जाड तंगुसाचा हातभर तुकडा हवाच. लांबीला तीन ते पाच इंच पुष्कळ झालं. खाडीत फिरणारी बोय माशाची पिल्लंही साधारण तेवढीच.

रंगाविषयी जेवढं बोललं जातं तेवढा त्याचा वाटा नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकन बासच्या डोळ्याचा अभ्यास करून २०१९ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यानुसार त्या माशाला लाल आणि हिरवा चांगला ओळखता येतो, पण भडक पिवळा आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा यांत तो गोंधळतो. स्वच्छ पाण्यातल्या प्रयोगात ही स्थिती. आणि आपण ऑगस्टमध्ये, जांभ्याची माती वाहून आणणाऱ्या लाल पाण्यात, हातभर खाली आपल्यालाच न दिसणाऱ्या रबराच्या छटेवरून वाद घालत बसतो. एक फिकट, एक काळपट, एक बोयसारखा करडा-रुपेरी, तिघांत भागतं. वाचलेल्या पैशांत वेगवेगळ्या वजनांची जिगहेड घ्या.

साठवणीचा गैरसमज वेगळ्या तऱ्हेचा. “प्लास्टिक आहे, त्याला काय धाड भरलीय” म्हणून सगळं एका डब्यात कोंबलं जातं, आणि डबा महिनोन्‌महिने फडताळात राहतो. मग झाकण उघडलं की आत काय असतं? पांढऱ्या रबरावर लाल रंग उतरलेला, दोन मासे एकमेकांत वितळून चिकटलेले, डब्याचा तळ चाटल्यासारखा खरबरीत झालेला आणि बोटाला लागणारं तेल. हा उन्हाचा किंवा दमटपणाचा एकट्याचा प्रताप नव्हे. ही रबरं बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसीची पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळून, तापवून साच्यात ओततात. मऊपणा येतो तो त्या द्रवामुळेच, आणि तो द्रव जागेवर थांबत नाही. काही कडक प्लास्टिकांत, विशेषतः पॉलिस्टायरीनमध्ये, तो शिरतो आणि त्यांना मऊ करतो. दुसरी जात आहे टीपीईची, खूप ताणली जाणारी आणि पाण्यात तरंगणारी. झेड-मॅन कंपनीची इलाझटेक ही तिच्यातलीच. पीव्हीसी आणि टीपीई एकमेकांना लागून राहिली तर दोन्हींचा चिखल होतो. टीपीई बनवणाऱ्या कंपन्या पाकिटावरच दुसऱ्या रबरात मिसळू नका असं छापतात, वाचतं कोण?

उपाय साधा आहे. प्रत्येक रबर त्याच्या मूळ पाकिटात, शेपटी सरळ ठेवून, पाकीट आडवं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही नाही. वापरलेलं रबर गोड्या पाण्यात धुऊन, पुरतं वाळवून मगच परत. खाऱ्या पाण्याचा ओलावा आत गेला की शेजारचा गळ गंजतो आणि त्याचा डाग रबरात मुरतो. पीव्हीसीची शेपटी मुडपली असेल तर फेकू नका. कपभर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करायची आणि थंड पाण्यात घालायची. आकार परत येतो.

उरलेलं थोडक्यात. वासाचं तेल चोपडलं की मासा लांबून येतो, हे वाहत्या खाडीत गृहीत धरू नये. ओवणं वाकडं असेल तर तेलाने ते सरळ होत नाही.

रबर पाण्यात विरघळतं, असं काही जण खुशाल सांगतात. पीव्हीसी विरघळत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की टाकून दिलेली मऊ रबरं ब्रूक ट्राउट मासे आपणहून गिळतात आणि त्यांचं वजन घटतं. फाटलेली शेपटी वेगळ्या पिशवीत घालून घरी आणा.

किनाऱ्यावरून गरवायला सगळीकडे मुभा आहे, हेही खरं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड ज्यात येतात त्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही.

आणि मोठा खजुरा म्हणजे जुना नर, हा समज तर सर्रास आहे. खजुरा बहुतेक वेळा नर म्हणून वाढतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो. सर्वांत मोठे मासे जवळपास सगळे अंडी देणाऱ्या माद्या असतात, म्हणून ते परत सोडावेत. जिगहेडला गळ एकच असल्यामुळे तो पक्कडीने ओठातून पटकन निघतो. मासा पाण्याबाहेर फार वेळ न धरता, पोटाला हाताचा आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून सोडला की तो स्वतःच खाली जातो.