समुद्रकांठची सकाळ

पहांटे उठावें, हा उपदेश आपल्या घराघरांतून इतका जुना झाला आहे कीं, ऐकणाऱ्याप्रमाणें तो करणाऱ्यासही आतां त्याचा कंटाळा यावा. जन्मभर मास्तरकी केली. त्या काळांत हा उपदेश मीं किती मुलांस केला असेल याची गणती नाहीं. तो मनापासून कोणी पाळला, असें विचाराल तर एकाचीच हकीकत सांगतां येईल. तो मुलगा म्हणजे माझा नातू. आणि त्यानेंही तो पाळला तो जुन्नरास नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडे, इंग्लंडांत ब्राइटन येथें विद्यापीठांत शिकावयास गेल्यावर.

येथें असतांना तो सूर्योदयापूर्वीं घराबाहेर पडत नसे, यांत सगळा दोष त्याचा नव्हता. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत धरणें झालीं, कालवे आले, ऊस वाढला. आणि उसाच्या दाट आडोशास बिबट्यानें घर केलें. माणिकडोह येथें वनखात्याचें बिबट निवारा केंद्र आहे, यावरून काय तें समजावें. माझें स्वतःचें पहांटेस नदीवर जाणें बंद पडून वर्षें लोटलीं. चांगलें उजाडल्यावर, हातांत काठी व सोबतीस शेजारी घेऊन मी निघतों. अशा आजोबानें ब्राह्ममुहूर्ताचें माहात्म्य सांगावें आणि नातवानें हंसूं नये, ही अपेक्षाच अवाजवी होय.

तो निघाला तेव्हां त्याच्या आजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मीं तिची समजूत घातली: "अग, जुन्नरास समुद्राचें नवल कसलें? दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतील बंदरांचा माल नाणेघाट चढून येथेंच येत होता. येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. एकानें पाण्याचीं टांकीं खोदविलीं, एकानें भोजनमंडप दिला. ते येथें राहिले, तसा आपला तेथें राहील." शिवाय ब्राइटन हें नांव मराठी माणसास परकें नाहीं. 1906 सालीं बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं लंडनास गेलेल्या विनायक दामोदर सावरकरांस मातृभूमीच्या ओढीनें सागरास उद्देशून केलेली ती सुप्रसिद्ध कविता 1909 सालीं याच किनाऱ्यावर सुचली. त्या कवितेचा मला अभिमान होता. तींतील व्यथा आपल्याच घरांत येईल, हें मात्र ध्यानांत आलें नाहीं.

ती पहिल्याच हिंवाळ्यांत आली. डिसेंबरांत तेथें सूर्य आठाच्या सुमारास उगवतो आणि चार वाजतां मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे त्याच दिवशीं अकरा तास उजेड असतो. मुलगा रात्रीं जागूं लागला, दिवसा निजूं लागला, व्याख्यानें चुकूं लागलीं. फोनवर "बरा आहें" यापलीकडे शब्द निघेना. एके दिवशीं मीं संतापून विचारलें, "अरे, संध्या तरी करतोस का?" तो कांहीं वेळ गप्प राहिला व म्हणाला, "आजोबा, मला सूर्यच दिसत नाहीं. संध्या कशाची करूं?"

मला राग आला. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर उमगलें कीं, हें उत्तर उद्धटाचें नव्हे, आजाऱ्याचें आहे.

प्रातःसंध्येसंबंधीं मनुस्मृतींत सांगितलें आहे कीं, सूर्यदर्शन होईपर्यंत जप करीत उभें राहावें. हें वचन मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. त्यांतील "उभें राहावें" याचा अर्थ मला त्या रात्रीं कळला. सूर्य दिसला म्हणजे उठावयाचें असें नाहीं, तो दिसेपर्यंत वाट पाहावयाची. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला म्हणजे शरीरांतील घड्याळ जुळतें, आणि ढगाळ आकाशाचा उजेडही खोलींतल्या दिव्याहून पुष्कळच प्रखर असतो, असें आजचे शास्त्रज्ञही सांगतात. दुसऱ्या दिवशीं मी त्यास म्हणालों, "मंत्र तूर्त राहूं दे. सूर्योदयाच्या आधीं अर्धा तास समुद्रावर जाऊन उभा राहा, आणि तेथूनच मला फोन कर." तेथले साडेसात म्हणजे हिंवाळ्यांत आमचा दुपारचा एक, माझी जेवून उठण्याची वेळ.

पहिले चार दिवस तो केवळ माझ्या भिडेस्तव गेला. तेथील किनारा वाळूचा नाहीं, गोट्यांचा आहे. पावलागणिक होणारी त्यांची करकर आम्हांस येथें ऐकूं येई. हिंवाळ्यांत तेथें सूर्य आग्नेयेस थेट पाण्यांतूनच वर येतो. पण बहुतेक दिवस ढगच. मग मीं त्यास एक काम दिलें. आपल्या कोंकणपट्टींत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. प्रत्येक बंदराची वेळ निराळी, तेव्हां तेथील हिशेब त्यानें स्वतः बसवावा, असें सांगितलें. तो रोज पाण्याची खूण टिपूं लागला. भरती दररोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते, हें पुस्तकावांचून त्याच्या ध्यानांत आलें. टिपण चुकूं नये म्हणून तो उठूं लागला. उठूं लागला म्हणून रात्रीं झोंप येऊं लागली. महिन्याभरानें तो आजीशीं पुनः भांडूं लागला, तेव्हां आम्हीं निःश्वास सोडला.

पुढें एप्रिलांत एक दिवस फोन आलाच नाहीं. ती दुपार कशी गेली तें सांगवत नाहीं. संध्याकाळीं कळलें कीं, ऊन पडलेलें पाहून स्वारी पाण्यांत उतरली होती. आमच्या मळ्यांतल्या विहिरींत, पाठीस भोपळा बांधून, तो पोहावयास शिकलेला. पण विहिरीचें पाणी स्थिर असतें आणि कड हाताशीं असते. तेथें गोट्यांचा उतार तीव्र, परतणारी लाट पाय ओढते, आणि त्या थंडगार पाण्यांत शिरतांच श्वासच अडकतो. दैवानें त्यास तेथील जीवरक्षकांची शिकवण आठवली: हातपाय मारूं नयेत, उताणें होऊन तरंगावें, श्वास ताळ्यावर आला म्हणजे मग किनारा गांठावा. त्यानें तसें केलें व वांचला. मी रागावलों खरा. पण समुद्रावर उभा राहा असें सांगतांना आंत उतरूं नको हें सांगावयाचें मीच विसरलों होतों.

आतां उन्हाळ्यांत तेथें पांचाच्या आंतच उजाडतें, म्हणून त्याचा फोन आमच्या सकाळीं नवास येतो. त्या वेळीं मीही अंगणांत उन्हांत उभा असतों. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: "जेवलास का?" असें जरूर विचारावें; पण "आज उजाडतांना कोठें उभा होतास?" हेंही विचारीत जावें.