आंतरराष्ट्रीय संबंध व यूरोपीय अध्ययन, मुंबईतील

राष्ट्राराष्ट्रांतील राजकीय व आर्थिक व्यवहारांचे आणि त्या संदर्भात यूरोपीय देशांचे मुंबई विद्यापीठात होणारे अध्ययन. आंतरराष्ट्रीय संबंध ही विद्याशाखा पहिल्या महायुद्धानंतरची. तिचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले. भारतात १९५५ साली दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था निघाली व १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. मुंबईत मात्र हा विषय दीर्घकाळ राज्यशास्त्राच्या आश्रयाने वाढला आणि यूरोपचे अध्ययन वेगवेगळ्या विभागांत विखुरले गेले.

वस्तुतः यूरोपशी असलेला या शहराचा संबंध विद्यापीठाहून जुना आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. त्या तेजीतील अग्रगण्य व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून फोर्टमधील विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा (१८७८) ही वास्तू उभी राहिली. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांसाठी यंत्रे लँकाशरहून येत आणि त्यांच्या कापडाची स्पर्धाही लँकाशरच्याच मालाशी असे. त्या मालाला झुकते माप मिळावे म्हणून १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसविण्यात आले. आंतरराष्ट्रीय अर्थकारणाचा असा पाठ शहराच्या दाराशी असताना, १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात यूरोप म्हणजे मुख्यत्वे इंग्लंड, असेच दीर्घकाळ मानले गेले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग सुरू झाला. आलू दस्तूर व उषा मेहता यांनी त्याची धुरा वाहिली. उषा मेहता या गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत गुप्तपणे चालविलेल्या काँग्रेस रेडिओमुळे त्या प्रसिद्ध आहेत. फ्रेंच, जर्मन व रशियन या भाषांचे विभाग स्वतंत्र राहिले. भाषा आणि राजकारण यांची ही फारकत यूरोपीय अध्ययनातील मोठीच उणीव होय. कारण भाषेवाचून मूळ कागदपत्रे वाचता येत नाहीत आणि परभाषेतील सारांशावर विसंबावे लागते.

यास उल्लेखनीय अपवाद सोव्हिएट अध्ययन केंद्राचा. गिरणगावात सोव्हिएट संघाची ओळख त्याच्या कितीतरी आधी कामगार चळवळीने व शाहिरांनी करून दिली होती. लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये तेथे जाऊन आले व त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्या लेखनामागे आस्था होती. केंद्राचे काम निराळे, म्हणजे नियोजनाचे आकडे तपासण्याचे व रुपयांत चालणाऱ्या भारत-सोव्हिएट व्यापाराची चिकित्सा करण्याचे होते. आर. जी. गिडधुबळी यांनी केंद्राचे संचालकपद भूषविले व सोव्हिएट आणि सोव्हिएटोत्तर अर्थव्यवस्थांवर विपुल लेखन केले.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विघटित झाला आणि केंद्राचा अभ्यासविषयच नकाशावरून नाहीसा झाला. एका राज्याच्या जागी पंधरा राज्ये आली. एकच नियोजन मंडळ, एकच चलन व एकच राज्यभाषा गृहीत धरून रचलेली अभ्यासपद्धती पुरेनाशी झाली; उझबेकिस्तान व अझरबैजान यांनी तर सिरिलिक लिपी सोडून रोमन लिपीकडे वळण्याचा निर्णय घेतला. केंद्राने मध्य यूरेशियन अध्ययन केंद्र असे नाव धारण केले. या नावानेही सीमेचा प्रश्न सुटला नाही. एस्टोनिया, लॅटव्हिया व लिथ्युएनिया ही पूर्वीची सोव्हिएट प्रजासत्ताके २००४ मध्ये यूरोपीय संघाची सदस्य झाली. त्याच वर्षी भारत व यूरोपीय संघ यांच्यात सामरिक भागीदारी प्रस्थापित झाली. परिणामी ही तीन राज्ये सोव्हिएट वारशामुळे यूरेशियन अध्ययनात मोडतात, तर त्यांच्या व्यापारविषयक वाटाघाटी ब्रूसेल्समार्फत होतात.