तुसाचा हिशेब

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. त्याचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम. भोसले कुळातील दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) आपल्या लाडक्या प्रेयसी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे छत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि निवारा मिळे. तंजावरच्या मराठी दरबाराने अशी अनेक छत्रे चालवली आणि त्यांचा जमाखर्च मोडीत लिहून ठेवला. रोज शेकडो पानांचा भात शिजवायचा तर हिशेब चोख हवा, हे त्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

या मुलखाचे पीक आजही भातच आहे. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण आणि त्याच्या जोडीने ग्रँड ॲनिकट कालवा झाला आणि कावेरीचे पाणी ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावुरणीच्या कोरड्या रानांपर्यंत पोहोचले. कारखान्यांच्या बाबतीत मात्र हा प्रदेश मुद्दाम वेगळा ठेवलेला आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून कावेरीचा त्रिभुज प्रदेश ‘संरक्षित कृषी क्षेत्र’ ठरवला. तेल-वायूच्या नव्या विहिरी, पोलाद, तांबे, जस्त, ॲल्युमिनियम यांचे नवे कारखाने इथे येऊ शकत नाहीत. त्यामुळे इथल्या कारखानदारीचा मुख्य चेहरा भातगिरणीचा आहे. कार्बन कमी करण्याच्या आणि ऊर्जा वाचवण्याच्या गोष्टी आपण नेहमी पोलाद-सिमेंटच्या संदर्भात ऐकतो. त्या गोष्टींचे मर्म समजून घ्यायला ही गिरणी जास्त सोयीची आहे, कारण तिचा सगळा व्यवहार उघड्या डोळ्यांनी दिसतो.

गिरणीत काय जळते

तमिळनाडूत रोजच्या जेवणात उकडा तांदूळ असतो, आपल्या कोकणात आणि गोव्यात असतो तसा. विदर्भात त्याला उसना म्हणतात. तो करण्यासाठी भात सालीसकट भिजवतात, वाफ देतात, वाळवतात आणि मग भरडतात. पूर्वी भात थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजत पडे आणि त्याला आंबूस वास येई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत बसवून दिली आणि दिवसांचे काम तासांवर आले. वाळवण उन्हात होई. अंगणभर पसरलेला भात बायका पायाने चाळवत फिरत. आता बहुतेक ठिकाणी यांत्रिक ड्रायर आहेत. वेळ वाचला, पण उन्हाची जागा बॉयलरने घेतली.

या बदलाचे एक केंद्र इथेच होते. जुन्या तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूरला एका आधुनिक भातगिरणीच्या आवारात १९६७ मध्ये छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. १९७२ मध्ये तिचे भातप्रक्रिया संशोधन केंद्र झाले आणि १९८४ मध्ये ते तंजावरला हलले. आज तीच संस्था ‘निफ्टेम-तंजावर’ या नावाने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे.

बॉयलरमध्ये जळते ते भाताचे तूस. एक टन भातातून साधारण २०० किलो तूस निघते. किलोमागे ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी धरली तर एका टन भाताबरोबर सहा ते सात लाख किलोकॅलरी उष्णता गिरणीत फुकट येते. आता गरज पाहू. भिजवून-वाफवून निघालेल्या भातात ओलावा ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. तो १३ टक्क्यांवर आणायचा तर टनामागे सुमारे ३४० किलो पाणी उडवावे लागते. त्याला दोन लाख किलोकॅलरी लागतात. भिजवणीचे पाणी आणि भात तापवायला आणखी साठेक हजार धरा. म्हणजे खरी गरज अडीच-पावणेतीन लाखांची, हाताशी उष्णता सहा-सात लाखांची. तरीही अनेक गिरण्यांत सगळे तूस जळून जाते.

मधली उष्णता जाते कुठे? काही चिमणीतून. धुराचे तापमान २२ अंशांनी उतरवले तर बॉयलरचे सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. काही उष्णता उघड्या नळांवरून हवेत जाते. काही बिघडलेल्या स्टीम ट्रॅपमधून, म्हणजे पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपांमधून, सुटते. बरीचशी नाल्यात वाहून जाते, कारण काम करून पाणी झालेली वाफ, म्हणजे कंडेन्सेट, परत बॉयलरकडे आणलीच जात नाही. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी गरम मिळाले तरी एक टक्का इंधन वाचते, आणि इथे तर ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी गटारात सोडले जाते. ड्रायरमधून बाहेर पडणारी गरम ओली हवाही तशीच जाते.

यात नवे संशोधन काहीच नाही. प्रत्येक फटीवरचा उपाय पन्नास वर्षांपासून माहीत आहे. मग तो केला का जात नाही? तूस फुकट होते म्हणून. उलट, ते साचले की अडचण होई; जाळून टाकणे हीच त्याची विल्हेवाट होती. अशा गिरणीत बॉयलरची कार्यक्षमता मोजायला कोण बसणार?

फुकट इंधनाचा कार्बन

इथे एक गैरसमज आड येतो. तूस जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच हंगामात रोपाने हवेतून घेतलेला असतो, म्हणून हवामानाच्या जमाखर्चात तो शून्य धरतात. भातगिरणीवाला त्यामुळे निर्धास्त असतो: ‘आमचं इंधन हिरवंच आहे.’ हिशेबाच्या एका रकान्यापुरते ते खरे आहे. पण दर्जाने भारतीय कोळशाच्या जवळ जाणारे हे इंधन उधळले, तर वीटभट्टीत किंवा दुसऱ्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये त्याच्या जागी कोळसाच जळतो. टन भातामागे ५० किलो तूस वाचवून ते कोळशाच्या ठिकाणी जाळले, तर सुमारे ६० किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. वाचवलेल्या तुसाची कमाई अशी गिरणीच्या बाहेर दिसते.

दुसरा रकाना विजेचा. लिफ्ट, भरडणी, पॉलिश आणि ड्रायरचे पंखे विजेवर चालतात, आणि आपल्या ग्रिडची प्रत्येक युनिट वीज अजून सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. पंख्यांच्या बाबतीत एक भौतिक नियम फार उपकारक आहे: लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्मी लागते. म्हणून झडप अर्धी मिटून हवा अडवण्यापेक्षा मोटरचाच वेग बदलणारा ड्राइव्ह बसवणे हे सर्वांत लवकर पैसे फिटणाऱ्या कामांपैकी एक आहे.

भाताचा मोठा वायुभार शेतात असतो, हेही सांगायला हवे. पाणी तुंबलेल्या खाचरांतून मिथेन निघतो आणि त्यापुढे गिरणी लहान ठरते. पण हवामान बिघडल्याचा फटका गिरणीलाही बसतोच. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस भाताच्या कुरुवै हंगामाच्या कापणीवर कोसळला की सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलाव्याची अट पाळणे शेतकऱ्याला अशक्य होते आणि दरवेळी सवलतीची मागणी होते. जास्तीचा ओलावा कुठेतरी कुणीतरी उष्णता खर्चूनच काढायचा असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने याच ओरत्तनाडु-पट्टुकोट्टै पट्ट्यातील नारळबागा आडव्या केल्या. इथल्या माणसाला हवामानबदल समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलू लागले ते तुसाला गिऱ्हाईक मिळाल्यामुळे. वीटभट्ट्या, बायोमासवर चालणारी वीजकेंद्रे, इतर उद्योगांचे बॉयलर तूस विकत घेतात. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते. ती पोलाद आणि काँक्रीटच्या उद्योगात जाते, टायरमध्येही वापरली जाते. तुसाला भाव आला आणि ते जाळण्याआधी तोलले जाऊ लागले.

उसाच्या चिपाडाने शिकवलेला धडा

महाराष्ट्राने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघते, त्यात निम्मे पाणी. जुन्या साखर कारखान्यांचे बॉयलर २१ किलो दाबाचे असत, आणि ते जाणूनबुजून उधळे ठेवलेले असत, कारण बगॅस शिल्लक राहिली तर ठेवायची कुठे हा प्रश्न होता. शंभर किलो ऊस गाळायला पन्नास किलो वाफ लागणे हे नेहमीचेच होते. वीज मंडळाला वीज विकता येईल असे धोरण आले आणि त्याच बगॅसला पैशाचा वास लागला. ६७, ८७, पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर आले. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनच्या जागी विजेच्या मोटरी बसल्या, उकळपात्रांची रचना बदलली आणि चांगल्या कारखान्यांत वाफेचा खर्च चाळीस टक्क्यांखाली उतरला. शास्त्र तेच, ऊस तोच. फक्त वाया जाणाऱ्या वस्तूला दर मिळाला. उलट बाजूही खरी आहे: वीज खरेदीचा दर घसरला की सहवीज प्रकल्पांची उमेद त्याच वेगाने मावळते.

या बदलाचे लोखंडी काम बऱ्याच अंशी पुण्यात झाले. १९६६ मध्ये ‘वॉनसन इंडिया’ म्हणून सुरू झालेली आणि १९८० मध्ये ‘थरमॅक्स’ झालेली कंपनी तूस, बगॅस, लाकडाचा भुसा अशा इंधनांचे बॉयलर आणि वाया जाणारी उष्णता पकडणारी यंत्रे करते. कासारवाडीच्या ‘फोर्ब्स मार्शल’ने वाफेचे नळ, ट्रॅप आणि कंडेन्सेट परत आणण्याची व्यवस्था यांवर पिढ्या घालवल्या.

कंपनीने स्वतःवर लावलेला कर

जिथे तूसही नाही आणि बगॅसही नाही, तिथे कार्बनला किंमत लावायची कशी? ‘महिंद्र अँड महिंद्र’ने २०१६ मध्ये एक मार्ग निवडला: आपल्याच उत्सर्जनावर टनाला १० डॉलर असा अंतर्गत दर. हा पैसा सरकारजमा होत नाही. तो कंपनीतच ऊर्जाबचतीच्या कामांकडे वळतो. परतफेडीला वेळ लागतो म्हणून वर्षानुवर्षे फाइलमध्ये अडकलेला प्रस्ताव अशा दराने एकदम परवडणारा होतो. त्याच सुमारास कंपनीने ‘ईपी१००’ या जागतिक उपक्रमात ऊर्जा-उत्पादकता दुप्पट करण्याचे वचन दिले. पुढे तिच्या इगतपुरीच्या कारखान्याला ‘ब्यूरो व्हेरिटास’ने कार्बन-तटस्थ असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यात उष्णतेचा पुनर्वापर, दिव्यांत बदल आणि नवीकरणीय वीज होती. उरलेल्या उत्सर्जनासाठी झाडे लावली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गळती बंद, मग इंधनबदल, झाडे शेवटी. जो कारखाना झाडांपासून सुरुवात करतो, त्याने बॉयलर-रूमचे दार उघडलेले नसते.

कायद्याची चाळणी

सरकारनेही किंमत लावण्याचा प्रयत्न केला. २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि २०१२ मध्ये ‘पॅट’ योजना. आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना दर टन उत्पादनामागे ऊर्जा किती कमी करायची याचे लक्ष्य मिळाले. जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळणार, कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यायची. २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत लक्ष्य ६६.८ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचे होते, बचत ८६.७ लाख टनांची झाली आणि ३.१ कोटी टन कार्बन डायऑक्साइड टळला. आकडे दिमाखदार आहेत, पण तेच दुखणेही दाखवतात. लक्ष्ये सैल होती. ३८ लाखांहून अधिक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि बाजारात जेमतेम १३ लाख, सुमारे १०० कोटी रुपयांची विकली गेली. ज्याला गिऱ्हाईक नाही त्या बचतीची कदर कोण करणार?

आता ‘पॅट’ची जागा कार्बन क्रेडिट व्यापार योजना घेत आहे. ती जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली, आणि ऊर्जेऐवजी थेट उत्सर्जनाची तीव्रता मोजते. युरोपने आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत यांवर सीमेवर कार्बनची किंमत वसूल करण्याची व्यवस्था केली आहे. त्यामुळे निर्यातदाराला हा हिशेब टाळता येणार नाही. मात्र या योजना एका मर्यादेत चालतात. त्या दर टनामागचे उत्सर्जन मोजतात, एकूण नव्हे. उत्पादन दुप्पट झाले तर कार्यक्षम कारखान्याचाही धूर वाढतो. आणि ओरत्तनाडुची भातगिरणी, इचलकरंजीचा सायझिंग कारखाना, गोंदियाची राईस मिल हे सगळे या चाळणीतून खाली पडतात.

लहानांसाठी जुलै २०२५ मध्ये १,००० कोटींची एक योजना आली. किमान दहा टक्के ऊर्जा वाचवून दाखवणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाला कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत, मध्यम उद्योगाला तीन. अन्नप्रक्रिया त्यात आहे. पण सवलत मिळवायला बचत सिद्ध करावी लागते, सिद्ध करायला आधीचा आकडा लागतो, आणि तो बहुतेकांकडे नसतो. वीजबिल असते, बॉयलरमध्ये किती टोपल्या गेल्या याची नोंद नसते.

म्हणून सुरुवात यंत्रखरेदीपासून करू नये. तुमचा स्वतःचा, नात्यातल्या कुणाचा किंवा तुम्ही सभासद असलेला एखादा कारखाना असेल, तर या दिवाळीत वहीपूजनाला नवी वही उघडाल तेव्हा तिच्यात तीन रकाने आखा: दर टन मालामागे किती इंधन, किती युनिट वीज, आणि किती कंडेन्सेट परत आले. इंधन फुकटचे असले तरी त्याला बाजारभाव लावून लिहा. सहा महिने या नोंदी ठेवल्या की कुठल्या नळाला आधी कापड गुंडाळायचे आणि कुठल्या पंख्याला ड्राइव्ह लावायचा, हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ लागणार नाही. मोफत इंधन हे कारखान्यातले सर्वांत महाग इंधन असते, कारण त्याची चोरी कुणी पकडत नाही.