शिक्षिकेचे वेतन : पंडिता रमाबाईंची साक्ष

खांदा कॉलनीत सकाळी सातच्या सुमारास कोणी रस्त्याच्या कडेस उभा राहिला, तर त्यास गणवेशातील मुलींचे थवे शाळेच्या वाटेने जाताना दिसतील, आणि त्यांच्याच बरोबर, बहुधा त्यांच्याहून अधिक घाईने, चालणाऱ्या शिक्षिका दिसतील. सिडकोने वसविलेल्या या वसाहतीत मुलीस शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न आता फारसा कोणाच्या घरी निघत नाही. येथील दुकानदार व नोकरदार आपल्या मुलीची फी मुलाच्या फीप्रमाणेच वेळेवर भरतात, ही गोष्ट आम्ही समाधानाने नमूद करतो. परंतु त्या फीपैकी मुलीस शिकविणाऱ्या बाईंच्या हाती काय पडते, हे विचारण्याची चाल आपल्यात अद्याप पडलेली नाही.

आमच्या परिचयाच्या एक बाई याच भागातील एका लहानशा शाळेत शिशुवर्गास शिकवितात. दहा वर्षे झाली. मे महिन्याचे वेतन त्यांस मिळत नाही. जून उजाडला की नवी नेमणूक, जणू काय त्या शाळेत कालच आल्या! संध्याकाळी त्या एका कापडाच्या दुकानी हिशेब लिहितात. दुकानदार त्यांस शाळेपेक्षा अधिक देतो, असे त्यांनी आम्हांस हसत हसत सांगितले. त्या हसल्या खऱ्या, परंतु आम्हांस हसू आले नाही.

हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. सन 1882 मध्ये हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यास आला, तेव्हा त्याच्यापुढे चोवीस वर्षांच्या एका विधवा बाईंनी मराठीत साक्ष दिली. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. पती बिपिनबिहारी मेधावी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. कडेवर लहानगी मनोरमा होती. आणि पुण्यास येऊन त्यांनी नुकताच आर्य महिला समाज स्थापिला होता. ज्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या अपराधाबद्दल ज्यांस धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, त्यांची ही कन्या. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केल्यामुळे ज्याने पुष्कळ सोसले अशा मनुष्याची मी मुलगी आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारूनच त्यांनी आपल्या साक्षीस आरंभ केला.

या साक्षीतील एक मागणी बहुतेकांस ठाऊक असते, ती म्हणजे हिंदुस्थानात स्त्रियांस वैद्यकी शिकविण्याची. दुसऱ्या मागणीची मात्र कोणी फारशी आठवण ठेवली नाही. मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षक हवेत, आणि त्यांस पुरुष शिक्षकांहून अधिक वेतन द्यावे, असे रमाबाईंनी स्पष्ट सांगितले. ‘समान’ नव्हे, ‘अधिक’! शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या बायकांस चांगल्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. त्यांस प्रथम स्वभाषेचे शुद्ध ज्ञान असावे आणि इंग्रजीही यावे. शिक्षण घेताना त्यांनी विद्यालयाच्या आवारातच राहावे, व तेथे सर्व सोयींनी युक्त अशी प्रशस्त इमारत असावी, इतक्या बारकाईने त्यांनी आपली योजना मांडली.

अधिक वेतन कशासाठी? शिक्षिका ही आचरणाने व योग्यतेने वरच्या दर्जाची असली पाहिजे, हे त्यांनी दिलेले कारण. आम्ही त्याचा अर्थ असा करतो की, दर्जा हवा असेल तर त्याची किंमत मोजली पाहिजे. हे व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. जो गिऱ्हाईक स्वस्त माल मागतो त्यास स्वस्त माल मिळतो, आणि मग तो टिकला नाही म्हणून त्याने दुकानदारावर रागावू नये. मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण उत्तम माल स्वस्तात मागतो, आणि बाई गरजू असल्यामुळे तो आपणांस मिळतोही.

शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीही त्या तितक्याच परखडपणे बोलल्या. सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेकांस स्त्रीशिक्षण मनातून नकोच असते. शिक्षिकेची लहानशी चूक दिसली तर ते राईचा पर्वत करतात, असा त्यांचा आरोप होता. म्हणून तपासनीसही स्त्रियाच नेमाव्यात असे त्यांनी सुचविले.

त्याच वर्षी त्याच आयोगास महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. मुलींच्या शाळेत आपण व आपली पत्नी यांनी मिळून अनेक वर्षे काम केले, असे त्यात त्यांनी नमूद केले आहे. सावित्रीबाईंसारख्या बाईंनी केलेला त्याग आपल्याकडे इतका वंद्य झाला की, पुढे प्रत्येक शिक्षिकेने त्यागच करावा, अशी आपली समजूत होऊन बसली. आद्य शिक्षिकेच्या तसबिरीस 3 जानेवारीस हार घालावयाचा, आणि महिनाअखेरीस हयात शिक्षिकेच्या पाकिटातून रक्कम कापावयाची, ही रीत काही शाळांत चालते. यास पूजा म्हणावे की सोय?

कोणी म्हणेल, रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, तेव्हा त्यांचे बोलणे आपण कशास मनावर घ्यावे? त्यांचे धर्मांतर 1883 मधले, इंग्लंडातील. साक्ष त्याच्या आदल्या वर्षीची, पुण्यातील. पंचांगाची पाने उलटण्याइतका धीर टीकाकारांनी धरला असता तर बरे झाले असते.

इंग्लंडात चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयात त्या शिकल्या आणि तेथेच संस्कृतही शिकवू लागल्या. त्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील या स्वतः स्त्रीशिक्षणाच्या व स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या होत. तेथून रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेस गेल्या व फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत त्यांनी अभ्यासिली. परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवांनी तेथे शिकावे आणि शिकविण्याच्या धंद्यावर स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यामागील मुख्य हेतू. आश्रितांची धर्मशाळा काढण्याचा त्यांचा विचार नव्हता. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी संस्थेचा संबंध सोडला, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि त्याच कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले.

आता आजचे पाहू. ज्या वयात मूल प्रथम घराबाहेर पडते त्या वयाचे शिक्षण आज जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या हाती आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी मोलाचे गणले जाते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा मुलास सहाव्या वर्षापासून हक्क देतो. त्याखालील वर्ग आणि ते चालविणाऱ्या बाया उंबऱ्याबाहेरच राहिल्या. ताराबाई मोडक यांनी बोर्डीस 1945 पासून बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांतून अंगणवाडीची कल्पना रुजली. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाड्या देशभर झाल्या. तेथील सेविकेस जे मिळते त्यास सरकारदरबारी ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. मान पुष्कळ, धन थोडे! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविकांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तोही त्यांस न्यायालयापर्यंत जावे लागले तेव्हा.

फी आधीच भारी आहे, ती आणखी वाढेल, असे पालक म्हणतील. त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु फी वाढली म्हणून बाईंचे वेतन वाढल्याचे उदाहरण आमच्या परिचयाच्या त्या बाईंना तरी दहा वर्षांत दिसले नाही. तेव्हा पुढील पालकसभेत सहलीचा व स्नेहसंमेलनाचा विषय आटोपल्यावर खांदा कॉलनीतील एखाद्या व्यापारी गृहस्थाने उठून एवढेच विचारावे : मुलींच्या बाईंस मे महिन्याचे वेतन मिळते काय? हिशेब कसा मागावा हे त्यास कोणी शिकविण्याची जरूर नाही.